रिकामाच होतो

मराठी माणूस मदतीला निघाला की आधी खोटं बोलतो. "मी त्याच बाजूला निघालो होतो," असं तो म्हणतो, तेव्हा त्याची बाजू नेमकी उलटी असते. "नाहीतरी घरी बसून काय करणार होतो," म्हणतो, तेव्हा घरी पाहुणे ताटकळत बसलेले असतात. पहाटे साडेचारला आपल्याला स्टेशनवर न्यायला आलेला मित्र "मला तशीही लवकर जाग येते" असं छातीठोकपणे सांगतो आणि परतताना प्रत्येक सिग्नलला जांभई देतो. बायका तर या खोटेपणात आपल्या कितीतरी पुढे. आजारी शेजारणीकडे डबा पोचवताना "अहो, आज जरा जास्तच झालं होतं, टाकून कशाला द्यायचं" हे ठरलेलं वाक्य. त्या 'जास्त झालेल्या' डब्यात मऊ भात, बिनतिखटाचं वरण आणि लिंबाच्या जुन्या लोणच्याची एकच फोड असते. तापातून उठलेल्या माणसाला लागतं तेवढंच आणि तसंच नेमकं उरतं कसं, हे मात्र विचारायचं नसतं.

या सगळ्या थापांचा राजा म्हणजे "मी रिकामाच होतो." आपल्याकडे रिकामा असणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. रिकामटेकडा ही तर शिवीच. तरीही दुसऱ्याचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असलं की भला माणूस स्वतःला आनंदानं रिकामटेकडा ठरवून घेतो. कारण सरळ आहे. वेळ काढून आलो म्हटलं की समोरच्यावर उपकार होतो, आणि उपकार कपाटापेक्षा जड. तो चढवायला कुणी येत नाही.

दुसरी तऱ्हा रागावण्याची. "सांगायचं नाहीस का?" "एक फोन करायला काय झालं होतं?" "आम्हाला परकं समजलात ना!" ही मदतीचीच भाषा, फक्त तिचा तोंडवळा भांडणाचा. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला आपण न बोलावल्याबद्दल पाचपन्नास जणांची माफी मागावी लागते. यात खरे आणि नुसते बोलणारे दोन्ही असतात. ओळखायची माझी खूण अशी, की खरा रागावलेला माणूस रागावता रागावता उचलण्यासारखं काहीतरी शोधत असतो. "आता औषधं कोण आणतंय? चिठ्ठी दे इकडे." दुसरा असतो तो सगळं आटोपल्याची खात्री करून आलेला. तो रागावून झाला की टेकतो आणि चहात साखर कमी चालेल म्हणून सांगतो.

पण मदतीचं मराठीतलं सगळ्यात मोठं वाक्य दोनच शब्दांचं आहे, आणि ते ऐकायची वेळ येऊ नये असंच आपण म्हणतो. घरात माणूस गेलेला असतो. दार सताड उघडं. एरवी पाण्याच्या वेळेवरून जिन्यात कडाकडा भांडणारे समोरचे गृहस्थ आत येतात, थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "तू आईपाशी बस. आम्ही बघतो." मग पुढचे काही तास डॉक्टरांचा दाखला, गावाकडचे फोन, बांबू, सुतळी, मडकं, स्मशानातली नोंद, कुणाची मुलगी कितीच्या गाडीनं येतेय आणि तोवर थांबायचं की नाही, हे सगळं परस्पर होत जातं. तिरडी बांधता येणारा एक माणूस प्रत्येक चाळीत होता, वाड्यात होता, आता लिफ्टच्या इमारतींतही निघतोच. ही विद्या त्याला कुणी शिकवलेली नसते आणि तो ती कुणाला सांगत नाही. लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीत हा माणूस हटकून राहून जातो, मग ऐन वेळी "अरे, त्यांना राहिलंच की" म्हणून पत्रिका धावते. माणूस गेला त्या संध्याकाळी पिठलं-भाताचं पातेलंही बहुधा त्याच्याच घरून आलेलं असतं.

गंमत म्हणजे हेच 'बघतो' कचेरीत एकट्यानं उच्चारलं की त्याचा अर्थ बरोबर उलटा. टेबलामागच्या साहेबांनी "बघतो" म्हटलं की समजावं, काम झालं नाही. "बघू" म्हटलं की होणारही नाही. 'आम्ही' लावलं की मात्र त्याच क्रियापदाच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात हा नियम मला सापडलेला नाही.

आता जरा आनंदाच्या प्रसंगांकडे यावं, तर तिथे उलटा मामला. काम थोडं आणि मदतनीस उदंड. सार्वजनिक गणपतीच्या मांडवात बघा. छातीवर रेशमी बिल्ला, गळ्यात शिट्टी, कमरेला नॅपकिन. या तीन गोष्टी मिळाल्या की कालपर्यंत दुकानात खाली मान घालून मापं मोजणारा मुलगा अख्ख्या रस्त्याची वाहतूक हातात घेतो. अशांसाठी लोकांनी एक झकास बिरुद केव्हाच काढून ठेवलंय: बिनपगारी, फुल अधिकारी. त्यात चेष्टा आहे, पण सगळी चेष्टाच नाही. पगार न घेता अधिकार गाजवणारा निदान रात्री तीनपर्यंत दोरखंड धरून उभा असतो. पगार घेऊन न गाजवणारे आपण बाकीचे दिवस पाहतोच.

घरच्यांचं मत अर्थात वेगळं असतं, आणि त्यांच्याकडे शब्दही जास्त असतात. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, नसती उठाठेव, अव्यापारेषु व्यापार, फुकटची फौजदारी. दुसऱ्यासाठी राबणाऱ्याची थट्टा करायला मराठीत जितका माल आहे, तितका त्याचं कौतुक करायला नाही. मला पूर्वी हे कद्रूपणाचं वाटे. आता वाटतं, हे सगळे शब्द स्वयंपाकघरातून आलेले आहेत आणि त्यांच्यामागे हिशेब आहे. बाहेर जे फुकट वाटलं जातं, ते कुणाच्या तरी घरातून गेलेलं असतं. पेट्रोल गेलेलं असतं, रविवार गेलेला असतो, मुलाच्या गणिताची संध्याकाळ गेलेली असते. 'पदरमोड' हा शब्द उगाच नाही. समाजकार्य करणाऱ्याच्या सत्कारात त्याच्या पत्नीलाही साडी देऊन बसवतात, ती या पदराची भरपाई असावी. पण सत्कार एकदाच होतो आणि पदर रोज मोडतो.

खेड्यातल्या माणसानं या बाबतीत शहरापेक्षा जास्त सरळपणा ठेवला होता. तिथे फुकट असं काही नव्हतंच. कोकणात भाताच्या लावणीला 'सावड' करतात. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. पाऊस कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे भाषणं करायला वेळ नसतो. घाटावर 'इर्जिक' असे. एखाद्याची नांगरट मागं पडली की त्यानं गावाला सांगायचं, शेजारीपाजारी आपापले बैल आणि औतं घेऊन यायचे, एका दिवसात रान उलथंपालथं व्हायचं आणि संध्याकाळी यजमानानं सगळ्यांना पोटभर, चमचमीत जेवू घालायचं. जेवण बेताचं झालं तर पुढच्या वर्षी इर्जिकीला बैल कमी येत, असं जुनी माणसं सांगतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत आदिवासी शेतकरी एकमेकांच्या उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं तयार करतात, त्या पद्धतीला 'पडकई' म्हणतात. सरकारनंही पुढे त्याच नावानं योजना काढली. या सगळ्या पद्धतींत एक वही असते आणि ती कुठेही लिहिलेली नसते. कोण आलं, कोण आलं नाही, कुणी स्वतः न येता बारकं पोर धाडलं, सगळं त्या वहीत बिनचूक. तिथे "मी रिकामाच होतो" असं म्हणायची कुणाला गरज नाही. लावणीच्या दिवसांत रिकामं कोण असतं?

मग 'श्रमदान' आलं. हा शब्द छान आहे, थोडा इस्त्रीचा आहे. दान म्हटलं की देणारा उभा राहतो आणि फोटोवाला समोर येतो. उद्घाटनाच्या श्रमदानातली कुदळ नवी असते, घमेल्याचं लेबल निघालेलं नसतं, आणि पाहुणे मातीत पहिला घाव घालताना कॅमेऱ्याकडे बघत असल्यामुळे शेजारच्यानं पाय सांभाळायचा असतो. रक्तदान, नेत्रदान, देहदान अशी आपल्याकडे दानांची रांग आहे. त्यात मतदान हे एकच दान असं, की ते करावं म्हणून पगारी सुट्टी मिळते आणि तरी लोक महाबळेश्वरला जातात.

पण थट्टा बाजूला ठेवायला लावणारं श्रमदानही याच महाराष्ट्रानं पाहिलं. हिवरे बाजारनं दुष्काळी गाव पालटायला घेतलं तेव्हा नशाबंदी, कुऱ्हाडबंदीच्या जोडीला श्रमदान हाही गावाचा नियमच करून टाकला. पानी फाउंडेशनची पाणी अडवण्या-जिरवण्याची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोचली. त्या वर्षी ८ एप्रिल ते २२ मे असे स्पर्धेचे ४५ दिवस होते, आणि ८ एप्रिल सुरू होतो मध्यरात्री बाराला, म्हणून कित्येक गावं रात्री बाराच्या ठोक्याला टेंभे-बॅटऱ्या घेऊन माळावर उभी होती. १ मेच्या महाश्रमदानाला शहरातून 'जलमित्र' गेले. टोपी, गॉगल, तोंडाला फासलेलं पांढरं मलम. त्यांनी किती माती उचलली, हा प्रश्न गावकऱ्यांनी सभ्यपणा म्हणून विचारला नाही. एका आजीबाईंनी म्हणे एका जलमित्राच्या हातातलं घमेलं काढून घेऊन त्याला सावलीत बसवलं आणि ताक दिलं. मदत कुणी कुणाला केली, हे अशा वेळी सांगणं अवघड.

गाडगेबाबांना श्रमदान हा शब्द सुचवायची कुणाची छाती झाली असती की नाही, शंका आहे. गावात शिरले की आधी खराटा. गाव झाडून काढायचं आणि रात्री कीर्तनात डोकी झाडायची. भाकरी घ्यायची ती काम करून. पायावर डोकं ठेवायला आलेल्यांच्या पाठीत काठी बसे. सरकारनं २०००-०१ मध्ये त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यात स्वच्छ गावांना बक्षिसं ठेवली. बक्षिसाची समिती येणार म्हणून आदल्या रात्री गाव झाडणारी मंडळी बाबांनी पाहिली असती, तर काठी लवकर मोडली असती.

या शब्दांत 'स्वयंसेवक' हा सगळ्यात रुबाबदार, पण त्याला एक अडचण आहे. नुसतं "मी स्वयंसेवक आहे" म्हटलं की ऐकणारा तुम्हाला मनातल्या मनात खाकी चड्डी, आणि हल्ली पँट, चढवतो. राष्ट्र सेवा दलानं १९४१ पासून आपल्या मुलांना सैनिक म्हटलं, तो प्रश्न त्यांनी तसा सोडवला. काही ठिकाणी 'कार्यकर्ता' म्हणतात. त्याच्यापुढे पक्षाचं नाव विचारतात. नाटकाच्या मध्यंतरात खुर्च्या लावणाऱ्या बिचाऱ्यानं स्वतःला म्हणवून घ्यायचं काय? तो शेवटी "मी इथलाच" म्हणतो. तेही चालतं.

'सेवक' या शब्दाचा मोठा काळही होऊन गेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, संस्था कुटुंबासाठी देईल तेवढ्यात समाधान मानीन, ही त्यांतलीच. धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाला माणसं मिळावीत म्हणून १९०८ मध्ये 'निष्काम कर्म मठ' काढला. नाव असं, की दारात आलेल्या उमेदवारानं पगाराचा आकडा विचारायचा तो गिळूनच टाकावा. पण या लोकांबद्दल एक गोष्ट विसरून चालत नाही. ती शपथ त्यांनी स्वतः घेतली होती. नको म्हणायची मोकळीक होती, दुसरीकडे चार पैसे जास्त मिळवण्याइतकी विद्या होती, आणि तरी ते 'सेवक' म्हणाले. म्हणून तो शब्द त्यांना शोभला.

तोच शब्द काम करून घेणाऱ्याच्या तोंडी आला की मी कान टवकारतो. महार वतनात गावाची कामं, सांगावे, राखण, सरकारी टपाल, रात्रीबेरात्री हाक आली की धावणं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या सेवा या गोड नावाखाली चाललं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं आणि ही कनिष्ठ वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडावं लागलं. त्याला खरा शब्द होता वेठ. नाही म्हणता येत नसेल तर दान कसलं?

आता वेठ नाही, तिची जागा सभ्य शब्दांनी घेतलीय. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक 'आशा' नेमली गेली. कागदोपत्री ती 'आशा स्वयंसेविका'. स्वयंसेविका म्हणजे कर्मचारी नव्हे, म्हणजे पगार नव्हे; मिळतो तो मोबदला. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणं तिच्याकडे, लसीकरणाच्या याद्या तिच्याकडे, करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून घरोघर ताप मोजत फिरणंही तिच्याकडे. कुटुंब तुमचं, जबाबदारी तिची. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. त्या आधीही आणि नंतरही त्यांना मोबदल्यासाठी आझाद मैदान गाठावं लागलं. स्वयंसेविकांनी संपावर जावं ही गोष्ट ज्यांना विचित्र वाटली, त्यांनी विचित्रपणा नावातच आहे हे ध्यानात घ्यावं. अंगणवाडी १९७५ पासून चालू आहे, तिथली 'सेविका' अजून मानधनावर. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं. शाळेत नवा लागलेला गुरुजी पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक'. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं महिन्याचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० झालं, म्हणजे तोवर किती सेवा घडत होती याचा अंदाज येतो. गावाच्या ग्रामसेवकाचं तर २०२४ मध्ये नावच बदललं. आता तो 'ग्रामपंचायत अधिकारी'. सेवकपणात काय आहे, हे सेवकाइतकं कुणाला कळणार?

'मानधन' हाही मोठा मासलेवाईक शब्द. मान आणि धन दोन्ही देतो असं सुचवायचं आणि दोन्हींत काटकसर करायची. त्याचाच थोरला भाऊ 'मानद'. त्याला धनाचा पत्ताही नाही. आणि मानद म्हटलं की आठवतो तो गृहनिर्माण सोसायटीचा मानद सचिव, आजच्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त फुकट राबणारा आणि सगळ्यात कमी आभार मिळणारा प्राणी. टाकीत पाणी नाही, सचिव. पार्किंगमध्ये पाहुण्याची गाडी, सचिव. तिसऱ्या मजल्यावर कुत्रं रात्री भुंकतं, सचिवांनी त्याच्याशी बोलावं. हे सगळं तो नोकरी सांभाळून करतो आणि वार्षिक सभेत हिशेब वाचून झाले की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "यांना यातून काय मिळतं, तेही एकदा कळू द्या!" फुकट काम करणारा काहीतरी खात असणारच, यावर आपली इतकी अढळ श्रद्धा, की त्यानं पगार घेतला असता तर आपल्याला जास्त बरं वाटलं असतं.

बाकी आभार या विषयात आपला हात आखडताच. घरात कुणी "धन्यवाद" म्हटलं तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. आभारप्रदर्शन हा कार्यक्रमपत्रिकेतलं शेवटचं कलम, आणि तोवर निम्मा हॉल चपला शोधत असतो; ज्यांनी सतरंज्या घातल्या त्यांची नावं सतरंज्या गुंडाळतानाच वाचली जातात. घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे, हे आपलं तत्त्व ऐकायला गोड आहे. सोयीचंही आहे.

तर सांगायचं असं, की कायद्याप्रमाणे सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि आमच्या इमारतीची सूचना लिफ्टशेजारी लागलेली आहे. आमचे मानद सचिव मुलाकडे बंगळूरला चाललेत. जागा भरायची आहे. वेतन नाही, भत्ता नाही, शिव्या आहेत. पाण्याच्या पंपाची किल्ली वॉचमनकडे आणि हिशेबाच्या वह्या तळमजल्यावरच्या कपाटात. तुमच्याही इमारतीत अशीच सूचना लागली असेल. कृपा करून या वेळी सभेला जा, आणि मागच्या रांगेत बसू नका.